दोन पेडलची गाडी: ब्रेक उजव्या पायाने की डाव्या?

मागच्या दिवाळीत माझ्या मावसभावाने सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतली. आयुष्यभर ट्रॅक्टर आणि अधूनमधून कुणाची तरी जीप चालवलेला माणूस. घरून निघाला, पांदणीवरून डांबरी रस्त्यावर आला, गिअर बदलायचा म्हणून सवयीने डावा पाय खाली दाबला. क्लच नव्हताच, तिथे ब्रेकचं रुंद पेडल होतं. गाडी जागीच थांबली आणि मागे मावशीच्या मांडीवरचा अंबाडीच्या भाजीचा डबा थेट माझ्या मानेवर आला. मावशी म्हणाली, "काऊन बापा, ढोर आडवं आलं काय?"

त्या संध्याकाळी त्याने विचारलं, "दादा, डावा पाय तर रिकामाच आहे. मग एका पायाने रेस अन् एका पायाने ब्रेक, असं काऊन नाही?" ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच. क्लचवाल्या गाडीत मात्र प्रश्नच नाही. तिथे डावा पाय क्लचचा, उजवा रेस आणि ब्रेकचा.

डाव्या पायाची बाजू आधी मांडतो, कारण ती वाटते तेवढी अडाणी नाही. पाय रेसवरून उचलून ब्रेकवर न्यायला वेळ लागतो. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे पाव सेकंद वाचला तरी पाच-साडेपाच मीटर वाचले. पांढरकवड्याकडे रात्री ज्याच्या गाडीसमोर रोही (नीलगाय) उडी मारून आलाय, त्याला हे पाच मीटर किती मोठे ते सांगावं लागत नाही. दुसरं म्हणजे, घाबरून ब्रेकऐवजी रेसच दाबली जाण्याचा धोका. दोन पायांना दोन कामं वाटून दिली की ही गफलत कमी होते. शर्यतीतले लोक तर असंच चालवतात. १९६०च्या दशकात मिनी कूपर पळवणाऱ्या फिनलंडच्या रॅली ड्रायव्हरांनी डाव्या पायाचा ब्रेक गाजवला. गो-कार्टमध्येही ब्रेक डावीकडेच असतो.

पण रॅलीतला ड्रायव्हर अंगाभोवती चार-सहा पट्ट्यांनी सीटला आवळलेला असतो. आपल्याकडे साधा सीटबेल्ट लावायला सांगितलं तरी लोक "इथंच तर जायचं आहे" म्हणतात.

आता उजव्या पायाची बाजू. माझ्या मते खरी गोष्ट पायाच्या सवयीत आहे. वर्षानुवर्षं क्लच दाबणाऱ्या डाव्या पायाला एकच काम येतं: झटक्यात तळापर्यंत दाबायचं. ब्रेकला लागतो हळूहळू वाढवत न्यायचा दाब, आणि तो उजव्या पायाला जमतो. गावातला माणूस सकाळी ट्रॅक्टरवर, दुपारी जीपवर आणि संध्याकाळी ऑटोमॅटिकमध्ये असतो. ट्रॅक्टरला तर डाव्या-उजव्या चाकाचे दोन ब्रेक. धुऱ्यावर वळताना एकच दाबायचा, रस्त्यावर दोन्ही कडीने जोडायचे. पण ते दोन्ही उजव्याच पायाखाली असतात. मोटरसायकलचा मागचा ब्रेकही उजव्या पायाला. (जुन्या बुलेटला गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे होता, ज्याने तिच्यासोबत आजची गाडी चालवली त्याला विचारा, ऐन वेळी पाय कसा चुकतो ते.) ब्रेक सगळीकडे एकाच पायाला असेल तर घाबरल्यावरही तोच पाय हलतो.

डाव्या पायाचा दुसरा त्रास म्हणजे तो ब्रेकवर टेकून राहतो. चालवणाऱ्याला कळतही नाही. एकदा रात्री एका गाडीच्या मागे मी बराच वेळ होतो. तिचे मागचे लाल दिवे एकदाही विझले नाहीत. ती पुढे कापसाच्या बैलबंडीमागे खरंच थांबली तेव्हा मला ते दिव्यांवरून कळलंच नाही. गाडी मोठी होत गेली तेव्हा कळलं. शिवाय ब्रेक सतत घासला की पॅड झिजतात आणि तापतात. परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जाऊन घाट उतरताना असे तापलेले ब्रेक ढिले पडू शकतात. तिथे पाय कोणता हा प्रश्न नंतरचा. आधी खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनलाच गाडी धरू द्या.

आणि अचानक थांबताना अंग पुढे फेकलं जातं. दोन्ही पाय पेडलवर असतील तर दोन्ही दाबले जातात, ब्रेक आणि रेस एकदम. अनेक नव्या गाड्यांत अशा वेळी इंजिनची रेस आपोआप तुटते, पण सेकंडहँड गाडीत ती सोय असेलच असं धरून चालू नका. डावा पाय कडेच्या, पाय टेकवायच्या पट्टीवर रोवलेला असेल तर अंग मागे रेटता येतं आणि ब्रेकवर पुरा जोर लागतो.

म्हणून माझा कौल उजव्या पायाला. टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर ठेवा आणि पंजा रेसकडे वळवा, म्हणजे पाय उचलावा लागत नाही, नुसता फिरतो. स्लिपर नको, ती वाकून पेडलखाली अडकते. काळ्या मातीचा चिखल तळव्याला असेल तर आधी पुसा.

अपवाद दोन. कधीच क्लचची गाडी चालवणार नाही आणि सुरुवातीपासून ऑटोमॅटिकवरच शिकतोय, असा कुणी नीट सराव करून डावा पाय वापरत असेल तर मी भांडणार नाही. आणि उजव्या पायाला अधूपण असेल तर नुसता डाव्या पायाने ब्रेक मारून भागवू नका. रेसचं पेडलच डावीकडे बसवून मिळतं, त्याला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते.

मावसभावाने पहिले आठ दिवस डावा पाय सीटकडे मागे ओढून गाडी चालवली, तीही कापणी झालेल्या सोयाबीनच्या वावरात. आता गाडीत बसला की पाय आपसूक कडेच्या पट्टीवर जातो. ट्रॅक्टरवर चढल्यावरही आधी तीच पट्टी शोधतो, एवढाच घोटाळा उरलाय.