८५० रुपयांचा मल्टिमीटर आणि २००५ ची गाडी: आठ महिन्यांनंतर

व्होल्टेज आणि करंट मोजणारा हा मीटर साधा आहे. पिवळा, रेंज हाताने फिरवायची, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात टांगलेला असतो तसला. गाडी २००५ ची, पेट्रोल. घर भाट्याच्या खाडीजवळ, त्यामुळे खारा वारा बारा महिने. मीटर जुलैत घेतला, आता मार्च चालू आहे.

घ्यायची वेळ का आली ते आधी सांगतो. जूनअखेरीस कोल्हापूरहून रत्नागिरीला परतत होतो. आंबा घाटात धो धो पाऊस. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू. साखरप्याच्या आसपास लाइट पिवळे पडले आणि वायपर काचेवर रेंगाळायला लागले. कसेबसे घरी पोचलो. सकाळी सेल्फ मारला तर 'टक्' आणि शांतता.

पुढच्या तीन आठवड्यांत नवीन बॅटरी घेतली, ४२०० रुपये. मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो, खोलून त्याचे कार्बन, बेअरिंग, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, आणखी २६०० रुपये. रात्री पाऊस लागला की लाइट पुन्हा पिवळे, सेल्फ पुन्हा कण्हतोय. एका मेकॅनिकने तर इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनलच उचकटलं आणि म्हणाला, "बघा, बंद पडत नाही ना? चार्जिंग ओके." ही डायनामोच्या जमान्यातली पद्धत. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी अशी अचानक तोडली की व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरमधले एसीचं डीसी करणारे डायोड किंवा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडू शकतो. कोणी करायला लागला तर सरळ हात धरा.

शेवटी मीटर आणला, २० व्होल्ट डीसीवर ठेवला आणि रविवारी बॉनेट उघडून बसलो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६, म्हणजे पूर्ण भरलेली. इंजिन चालू, बाकी सगळं बंद: १३.८. हाच आकडा दुसऱ्या एका मेकॅनिकलाही मिळाला होता, म्हणून त्याने चार्जिंग पास केलं. पण घाटातला लोड कोणी लावलाच नव्हता. बायकोला सीटवर बसवलं, अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबून धरायला सांगितला. हेडलाइट, वायपर, ब्लोअर चारवर. बॅटरीवर १२.९!

मग तसाच लोड ठेवून मीटरचा लाल प्रोब (वायरीचं टोक) अल्टरनेटरच्या मागच्या मोठ्या नटावर आणि काळा त्याच्याच बॉडीवर टेकवला. १४.२. म्हणजे अल्टरनेटर बिचारा काम चोख करत होता, वाटेत १.३ व्होल्ट कोणीतरी खात होतं. अल्टरनेटरचा नट ते बॅटरीचा पॉझिटिव्ह मोजलं: ०.२, चालण्यासारखं. अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह: १.१. इथे ०.२ च्या वर गेलं की अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट, बघायचं. चोर सापडला.

गिअरबॉक्सवरून चॅसीला जाणारी तांब्याची विणलेली अर्थपट्टी खाली लपलेली असते. वरून ती नुसती काळी दिसत होती. बोल्ट सैल करून ओढली तर हिरवी भुकटी हातावर आली आणि अर्ध्याअधिक तारा शेवयांसारख्या तुटल्या. अर्थिंग असं गेलं की करंट मिळेल त्या वाटेने परत जातो. क्लच केबलचं प्लास्टिक एका जागी मऊ पडलं होतं ते बहुतेक त्यामुळेच. नवी पट्टी १८० रुपये. बोल्टखालचा रंग काचपेपरने घासून धातू चमकवला, पट्टी कसली, वरून व्हॅसलीन. त्याच लोडवर आता बॅटरीला १४.० मिळतात आणि सेल्फ अर्ध्या फेरीत उचलतो.

दिवाळीत मीटर दुसऱ्यांदा कामाला आला. गाडी तीन दिवस उभी होती, बॅटरी पार झोपली. ती चार्ज करून घेतली, निगेटिव्ह टर्मिनल काढलं आणि मीटरचा प्रोब १० अँपिअरच्या भोकात लावून मीटर बॅटरी आणि त्या टर्मिनलच्या मध्ये जोडला: ०.४५ अँपिअर. दिवसाला जवळजवळ ११ अँपिअर-अवर, आणि माझी बॅटरी ३५ ची. एकेक फ्यूज काढत गेलो. एका फ्यूजला आकडा ०.०३ वर आला. त्या लाइनवर डिकीचा दिवा होता, त्याचं बटण अडकून तो झाकणाआड रात्रंदिवस जळत होता. असा मीटर जोडलेला असताना चावी फिरवून सेल्फ मारू नका, तेवढा करंट मीटरला झेपत नाही. मी सेल्फ नाही मारला, पण घाईत प्रोब मिलिअँपिअरच्या भोकात ठेवून आतला फ्यूज उडवलाच.

आता मीटरच्या खोड्या. अल्टरनेटरचे डायोड तपासायला मोठ्या हौसेने एसी रेंजवर लावला, तर बॅटरीवर ३० व्होल्ट! प्रोब उलटे केले, शून्य. स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसी अडवत नाहीत, म्हणून असले आकडे येतात. ती चाचणी याच्यावर होणार नाही. जानेवारीत एकदा चार्जिंग १५.६ दिसलं. रेग्युलेटर गेला म्हणून हबकलो, दुकानदाराला फोनही केला. निघालं काय, तर मीटरची स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी संपत आली होती. ती उतरली की हा आकडे वाढवून सांगतो. बदलली, १४.१. तेव्हापासून मोठं मोजमाप करण्याआधी घरातल्या नव्या सेलवर मीटर तपासून घेतो. प्रोबच्या वायरी पहिल्याच थंडीत कडक झाल्या, एक मुळाशी चिरलीय. ४० रुपयांचे क्रोकोडाइल क्लिप मात्र पहिल्याच दिवशी घ्या, नाहीतर फिरत्या पट्ट्याजवळ दोन्ही हात अडकून बसतात.

पुन्हा घ्यायचा झाला तर जास्त पैसे टाकून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती नुसता चिमटा लावून मोजतो तो) घेईन, टर्मिनल काढायची कटकटच नको. फक्त दुकानात नीट बघून घ्या, स्वस्तातले बरेच क्लॅम्प नुसता एसी करंटच मोजतात.