रोड टच फ्लॅटची विक्री : एजंटच्या सेवेबद्दलचा अभिप्राय

छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासला लागून असलेला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट यंदा एका स्थानिक एजंटमार्फत विकला गेला. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण ज्या पद्धतींबद्दल तक्रार आहे त्या शहरातील बहुतेक एजंटांच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. कागदपत्रांच्या कामात हे गृहस्थ अतिशय तरबेज आहेत. रस्त्याच्या आवाजाचा प्रश्न मात्र त्यांनी ज्या रीतीने हाताळला, त्यामुळे विक्री काही महिने लांबली.

बायपासवरचा आवाज दूर राहणाऱ्याला सहजी कळत नाही. मोटारी आणि दुचाकींचा सलग आवाज काही दिवसांत कानांच्या सवयीचा होतो. झोप मोडतो तो तुटक आवाज. आमच्या इमारतीसमोर गतिरोधक असल्याने प्रत्येक जड वाहन तेथे वेग कमी करते, हवेचा ब्रेक फुत्कारतो, ट्रक रिकामा असेल तर मागचा फाळका खडखडतो आणि मग चालक पुन्हा गियर टाकून इंजिन ताणतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर जाऊ लागले की त्यांच्यावरील गाणीही पहाटेच घरात येतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. मोबाईलवरचे मोजमाप काटेकोर नसते, तरी खिडकी उघडी ठेवल्यावर हॉलमध्ये रात्रीसुद्धा आकडा ७० च्या आसपास राही, आणि दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते हे लक्षात घेतले म्हणजे फरक किती मोठा आहे ते समजते.

एजंटांनी जाहिरातीत ‘रोड टच’ आणि ‘शांत परिसर’ हे दोन्ही शब्द एकाच ओळीत घातले. पार्टी आणायची ती नेहमी रविवारी दुपारी, म्हणजे बायपास त्यातल्या त्यात रिकामा असताना. येण्याआधी त्यांचा मुलगा वर येऊन खिडक्या लावून घेई आणि हॉलमधला लोखंडी कूलर पूर्ण वेगावर सोडी. हा उपाय एप्रिलमध्ये खपून जात होता. गेवराईकडच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मात्र सगळे घर पाहून झाल्यावर शांतपणे सांगितले, “भाऊ, तो कूलर जरा बंद करा बरं.” एजंट म्हणाले, “मावशी, या उन्हात कूलर बंद करून कसं चालंल?” बाईंनी स्वतःच बटण बंद केले, खिडकी उघडली, खालून एक टँकर जाईपर्यंत थांबल्या आणि चहा न घेता निघून गेल्या. त्यांना घर पसंत नव्हते असे नाही. नंतर फोनवर त्या म्हणाल्या, की आवाजापेक्षा कूलरचाच राग आला.

ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. रस्ता डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे त्याचा आवाज या व्याख्येत बसत नाही असे म्हणता येईल. पण ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणे हे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये कपट ठरते, आणि तसा वाद निघाला तर नोटीस एजंटाला नव्हे, आधी घरमालकाला येते.

ग्राहकांची निवड हाही त्यांचा कच्चा भाग. वाळूजच्या कारखान्यात कायम रात्रपाळी करणारा एक तरुण त्यांनी मोठ्या उत्साहाने आणला. रात्री तो घरात नसल्याने त्याला आवाजाचा त्रास होणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. तो दिवसा झोपतो, हे त्यालाच सांगावे लागले.

एजंटांच्या सांगण्यावरून आम्ही पुढच्या बेडरूमला दुहेरी काचेची यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीची, खिडकी बसवली. त्यांच्या ओळखीचा कारागीर सरकत्या पल्ल्यांची खिडकी स्वस्तात देत होता, पण सरकत्या पल्ल्यांच्या फटींतून हवा येते आणि जिथून हवा येते तिथून आवाजही येतो. म्हणून बाहेर उघडणारे, रबरी पट्टीवर घट्ट बसणारे पल्ले घेतले आणि दोन काचांची जाडी वेगवेगळी ठेवली, कारण सारख्या जाडीच्या काचा एकाच पट्टीतला आवाज आत सोडतात. हॉर्न आणि फाळक्याची खडखड बरीच कमी झाली. जड इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर मात्र भिंतीतूनही येतच राहिली. खरी अडचण वेगळीच निघाली. मराठवाड्यात उन्हाळा कूलरवर निघतो, आणि कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते. खिडकी बंद ठेवली तर खोली दमट होते, उघडली तर खर्च वाया. एसी असेल तरच ही खिडकी कामाची, हे ना एजंटांनी सांगितले ना कारागिराने. तो खर्च किमतीत भरून निघाला असेही म्हणता येत नाही.

शेवटी आम्ही दोन अटी घातल्या : जाहिरातीतून ‘शांत परिसर’ काढायचा आणि घर रात्री नऊनंतरच, खिडक्या उघड्या ठेवून दाखवायचे. एजंटांनी कपाळाला हात लावला, पण ऐकले. येणाऱ्यांची संख्या घटली. मात्र जे आले ते दुसऱ्यांदाही आले. ज्या कुटुंबाने घर घेतले त्यांचे टेम्पो भाड्याने चालतात, गाडी डोळ्यांसमोर उभी राहणे ही त्यांची गरज होती, आणि झोपायला त्यांनी मागची बेडरूम ठरवून टाकली. आवाजाचा उल्लेख त्यांनीच करून किंमत सुमारे तीन लाखांनी खाली आणली. ती वजावट आम्हाला वाजवी वाटली.

इसारपावतीनंतर मात्र एजंटांना तोड नाही. सोसायटीचे ना-हरकत पत्र, घरपट्टीची पावती, जुन्या खरेदीखताची सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयाचा दस्ताच्या नोंदीचा उतारा), खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाला लागणारी मालकीहक्काच्या तीस वर्षांच्या शोध अहवालाची कागदपत्रे, हे सगळे मागण्याआधी तयार होते. दस्ताची माहिती ऑनलाइन आधीच भरून ठेवल्याने नोंदणी कार्यालयात ताटकळावे लागले नाही.

त्यांनी दोन्ही बाजूंकडून दोन-दोन टक्के दलाली मागितली होती. आम्ही दीड टक्क्यावर ठरवली. रस्त्याकडेचे घर त्यांच्याकडे द्यायचे असेल तर जाहिरातीचा मजकूर आणि घर दाखवण्याची वेळ सुरुवातीलाच लेखी ठरवावी, आणि दलालीतली निम्मी रक्कम खरेदीखत नोंदवले जाईपर्यंत हातची ठेवावी.