बदलत्या टोकांचा मोठा सर्क्लिप प्लायर : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

जॅकचे (यंत्राच्या हायड्रॉलिक सिलिंडरचे) सील बदलताना अडून बसलेली सर्क्लिप (खाचेत बसणारी, टोकांना भोके असलेली स्प्रिंगसारखी कडी) काढण्यासाठी हा प्लायर मी मे महिन्यात मडगावला घेतला आणि संपूर्ण पावसाळा उसगावच्या कार्यशाळेत वापरला. आता त्याचे एक टोक मोडले आहे आणि दुकानाने ते बदलून देण्यास नकार दिला आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे येणारी यंत्रे म्हणजे मुख्यतः बॅकहो आणि टिप्पर. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे गोव्यातील खाणी थांबल्या, तेव्हापासून यांतली कित्येक यंत्रे वर्षानुवर्षे उघड्यावर उभी होती. ग्लँडला (रॉडभोवतीच्या, सील बसवलेल्या झाकणाला) अडवणारी सर्क्लिप बॅरलच्या (जॅकच्या नळीच्या) अगदी तोंडाशी असते, त्यामुळे लाल माती आणि पावसाचे पाणी नेमके तिच्या खाचेत साचते आणि गंज धरतो. अशा सर्क्लिपच्या भोकांत टोके घालून मुठी आवळल्या की सर्व जोर त्या दोन बारीक टोकांवर येतो. म्हणून माझ्या मते प्लायरची परीक्षा मुठीवर किंवा लांबीवर नव्हे, तर टोकांवर व्हायला हवी.

सुरुवातीला टोके बदलण्याची सोय मला अनावश्यक खर्च वाटत होती. ४० ते १०० मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सर्क्लिपला २.३ मिमीचे टोक लागते आणि ८५ ते १४० मिमीला ३.२ मिमीचे, आमच्या बहुतेक जॅकना पहिलेच पुरते, मग एका जाडीचा साधा प्लायर काय वाईट, असा माझा हिशेब होता. पावसाळ्याच्या मध्यावर हे मत बदलले. साध्या प्लायरचे टोक वाकले की अख्खे हत्यार भंगारात जाते. इथे मात्र छोटा ॲलन स्क्रू सैल केला की नवे टोक बसते, आणि सरळ टोकाच्या जागी वाकडे टोक लावले की रॉडच्या अडचणीतही हात पोहोचतो. हा स्क्रू दर दोन-चार कामांनंतर सैल होतो, पण ते सहन करता येते.

टोकांवरचा जोर कमी करण्याची रीत इथे सांगणे आवश्यक आहे. जॅकमधील दाब पूर्ण उतरवून दोन्ही पोर्ट (तेलाची तोंडे) उघडे ठेवावेत, खाचेतील माती तारेच्या ब्रशने काढावी आणि गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. सकाळी पितळी सुंबा (ठोकण्याची बोथट दांडी) ग्लँडच्या कडेवर चोहोबाजूंनी फिरवत, हलके ठोके देत ग्लँड थोडी आत सरकवावी. जोवर ग्लँड सर्क्लिपवर रेटून बसलेली आहे, तोवर कितीही महागडा प्लायर घेतला तरी टोकच मोडणार. काही बॅरलना बाहेरून सर्क्लिपच्या रेषेत एक बारीक भोक असते. त्यातून सुंब्याने दाबले की सर्क्लिप खाचेबाहेर उचलली जाते. भोके नसलेल्या साध्या तारेच्या रिंगेवर तर हा प्लायर निरुपयोगीच आहे, तिथे ते भोकच कामी येते.

गॅस लावण्याचा मोह मात्र टाळावा. बंद जॅक तापवणे जिवावर बेतू शकते, आणि आतली सील व्हिटॉनची (फ्लोरीनयुक्त रबराची) असल्यास ती जळल्यावर निघणारा वायू अत्यंत घातक असतो. ग्लँड बाहेर काढण्यासाठी कॉम्प्रेसरची हवाही वापरू नये, ग्लँड गोळीसारखी सुटते. सर्क्लिप निघाल्यावर खाचेच्या धारदार कडा पॉलिश पेपरने मारून घ्याव्यात, नाही तर नवी ओ-रिंग (गोल रबरी सील) बसवतानाच कापली जाते आणि सील किटचे पैसे पाण्यात जातात.

आता मुख्य तक्रार. टोके झिजणारी वस्तू असल्याने त्यांना वॉरंटी नाही, असे दुकानदार म्हणाले, आणि ते मला मान्य आहे. पण टोकांची जोडी सुटी मिळत नाही, संपूर्ण संच पुन्हा घ्या, हे उत्तर मला अजिबात पटत नाही. टोके बदलता येतात म्हणूनच ग्राहक साध्या प्लायरपेक्षा जास्त रक्कम मोजतो, आणि बदलायला टोकेच मिळत नसतील तर त्या जास्तीच्या रकमेला काही अर्थ उरत नाही. शेवटी मी सिल्व्हर स्टीलच्या (हत्यारांसाठीच्या, कडक करता येणाऱ्या पोलादाच्या) दांड्यातून लेथवर एक जोडी कातून घेतली, तिला पाणी दिले (लाल तापवून विझवून कडक केले) आणि ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा हलके तापवले. ही जोडी मूळ टोकांपेक्षा चांगली टिकते आहे आणि तिला आलेला खर्च नव्या संचाच्या मानाने नगण्य आहे.

घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी सुटी टोके मिळतील का हे विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे. उसगाव ते कुडचडे पट्ट्यातील कार्यशाळांना २.३ मिमीच्या जोड्या हमखास लागतात, त्या दुकानात ठेवाव्यात, असे मी दुकानदारांना लेखी कळवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.