१/२४ मधली काळी-पिवळी पद्मिनी: प्रिंट केलेलं रेझिन किट, काही महिन्यांनंतर

आधी निकाल सांगून टाकतो. प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचं हे रेझिन किट, म्हणजे प्रकाशात घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकपासून थ्रीडी प्रिंटरने काढलेले, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढे सुटे भाग, घेण्यासारखं आहे. आकार बरोबर आहे, नाकडोळा बरोबर आहे, आणि कपाटात ठेवल्यापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यापाशी थांबतो. पण डबा उघडला आणि रविवारच्या दुपारी जोडून टाकलं, असं होणार नाही. जोडणीला लागणारा वेळ किरकोळ आहे, खरा वेळ पृष्ठभागाला जातो. त्यातून गाडी काळी आणि चकचकीत, म्हणजे काही लपवायची सोयच नाही.

मुळात असं किट का घ्यावं लागतं? कारण मोठ्या कंपन्यांच्या डब्यात ही गाडी येत नाही. प्लास्टिक किटसाठी लागणारा पोलादी साचा प्रचंड महाग असतो, हजारोंनी डबे खपले तरच तो परवडतो. १/२४ मध्ये तामिया या जपानी कंपनीच्या कितीतरी जपानी आणि युरोपी गाड्या मिळतात, पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आपली गाडी मिळत नाही. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली, २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणूनही ती राहिली नाही. साठेक वर्षं ज्या गाडीने मुंबई वाहिली, तिचं नीट स्केल मॉडेल असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. थ्रीडी प्रिंटिंगमुळे ते शक्य झालंय. कोणीतरी जीव लावून फाइल बनवतो आणि घरच्या प्रिंटरवर मागणीप्रमाणे एकेक प्रत काढतो. साच्याचा खर्चच नाही.

डब्यात अखंड बॉडी (बॉनेट-डिकी बंद), चासीची (गाडीच्या तळाची) पट्टी, सीट, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असलेला डॅशबोर्ड, बंपर, जाळी, चाकं, टपावरचा कॅरियर, मीटर आणि पारदर्शक रेझिनच्या काचा. डेकल, म्हणजे चिकटवायची छापील अक्षरं-चिन्हं, नाहीत. सूचना म्हणून एक चित्र. मूळ गाडीचा व्हीलबेस २३४० मिमी, म्हणजे १/२४ मध्ये साडेसत्त्याण्णव. व्हर्नियर लावून पाहिलं, फरक केसाएवढा. फाइल बनवणाऱ्याने मागच्या पंखांचा तो हलका उठाव आणि पुढच्या दारातली छोटी तिकोनी काचही सोडलेली नाही. इथे त्याला पूर्ण गुण.

आता प्रिंटबद्दल. भाग हातात घेतल्यावर किंचित चिकट लागत होते, म्हणजे धुणं आणि पक्कं करणं अर्धवट. हे रेझिन ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात घट्ट होतं आणि पृष्ठभागावर कच्चा थर राहिला तर त्यावर कुठलाच प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) धरत नाही. सगळे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जुन्या टूथब्रशने धुतले, पूर्ण वाळवले आणि मग थोडा वेळ उन्हात फिरवून फिरवून ठेवले. नायट्राइल हातमोजे घालूनच हे करा. कच्च्या रेझिनची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की सहसा जात नाही. घासकामही नेहमी पाण्यातच आणि मास्क लावूनच, कारण ही धूळ छातीत जाता कामा नये.

प्रिंट होताना भागाला आधार देणाऱ्या सपोर्टचे खुंट बॉडीच्या आतल्या बाजूला आणि दरवाजांखालच्या पट्टीवर होते. जागा विचारपूर्वक निवडली होती. कोमट पाण्यात भाग बुडवला, रेझिन जरा नरमलं, मग सपाट तोंडाच्या कटरने मुळापासून थोडं वर कापलं आणि उरलेला खुंट कानशीने उतरवला. हाताने उपटले तर रेझिनचा टवका निघतो आणि खड्डा भरत बसावं लागतं.

आता टप. या किटचं सगळं यश-अपयश इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रिंट थराथराने होतो आणि इथे थर ०.०५ मिमीचा. ऐकायला नगण्य वाटतं, पण २४ ने गुणा: खऱ्या गाडीवर ही जवळजवळ सव्वा मिलिमीटरची पायरी झाली. उभ्या बाजूंवर पायऱ्या जाणवत नाहीत. टप, बॉनेट, डिकी अशा जवळजवळ आडव्या, हलक्या गोलाईच्या जागी मात्र त्या नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या पसरतात. राखाडी प्रायमरखाली त्या जेमतेम दिसतात. चकचकीत काळा मारला की दिव्याचं प्रतिबिंब त्यांच्यावरून लाटांसारखं वाकत जातं.

उपाय सरळ वाटतो: जाड प्रायमर मारा आणि घासा. मिस्टर सर्फेसर ५०० चा हात, ४०० नंबरचा पाणीपेपर, मग १००० चा हात आणि ६०० चा पेपर, असं चालू राहतं. अडचण अशी, की दाराची फट खऱ्या गाडीवर चार-पाच मिलिमीटर असेल तर इथे ती ०.२ मिमी उरते. थरांच्या रेषा बुजवणारा प्रायमर दाराची फटही बुजवतो. दोन हात झाले की दारं नुसती चित्रासारखी दिसायला लागतात. म्हणून प्रायमरचा थेंबही लागण्याआधी सगळ्या फटी खोल करून घ्याव्यात. मी ब्लेडची बोथट पाठ वापरली: धातूच्या पातळ पट्टीचा आधार, अजिबात दाब न देता बारीक ओढण्या, प्रत्येक ओढणीनंतर ब्रशने भुगा झाडायचा. पॉलिस्टायरीनची (नेहमीच्या किटमधल्या प्लास्टिकची) सवय असलेल्यांनी इथे हात आवरावा. प्लास्टिकची वळी निघते, रेझिनची कड तुटते. मागच्या दाराच्या खालच्या वळणावर तर सुईनेच काम केलं. हे नीट झालं की मग प्रायमर कितीही मारा, शेवटी फटीत काळा वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) सोडला की दार उघडेल असं वाटतं.

घासताना बोटांनी पेपर दाबायचा नाही. बोटं दाबली की तिथे खळगा पडतो. खोडरबराचा मऊ तुकडा पेपरमध्ये गुंडाळून टपाच्या गोलाईवरून लांबलांब फिरवला. टपाच्या कडेला पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटरच्या उठावापाशी मास्किंग टेप लावून तो वाचवला.

चिकटवण्याचं थोडक्यात. प्लास्टिक किटचं पातळ सिमेंट इथे काहीच करत नाही, ते पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतं आणि हे रेझिन विरघळत नाही. इन्स्टंट ग्लू किंवा दोन ट्यूबचा इपॉक्सी, एवढेच पर्याय. काचांजवळ इपॉक्सीच, कारण इन्स्टंट ग्लूची वाफ दमट हवेत पांढरा थर धरते. बंपर केळीसारखे वाकलेले आले होते. गरम पाण्यात धरले, सपाट काचेवर सरळ केले, लगेच गार पाण्यात टाकले. काम झालं.

रंगाचा क्रम महत्त्वाचा आहे. पिवळा काळ्यावर झाकत नाही, म्हणून आधी पांढरा प्रायमर, त्यावर टपाला पिवळा, तो पूर्ण वाळल्यावर टप मास्क करून मग काळा. मी ठाण्यात राहतो आणि काळ्याची वेळ आली ती भर जुलैत. लॅकर रंगातलं द्रावण झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि काळ्यावर दुधी झाक येते. थिनरमध्ये रिटार्डर (द्रावण सावकाश उडू देणारा) घातला, फवारा ओला आणि हात पातळ ठेवले, दुपारच्या उघडिपीतच काम केलं. तरी माझा सल्ला, काळा दिवाळीनंतर मारा. वरून क्लिअरचे (पारदर्शक वार्निशचे) हात दिले, चांगले कडक होऊ दिले, मग २००० आणि ३००० चा पाणीपेपर आणि शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड. ट्यूबलाइटची रेघ टपापासून डिकीपर्यंत न थरथरता उतरते का, ही माझी कसोटी होती. डिकीच्या कडेजवळ ती अजून किंचित हलते, बाकी सरळ उतरते.

पारदर्शक रेझिनच्या काचा वापरू नका. त्या जाड आहेत आणि पिवळसर पडतात. ओएचपी (प्रोजेक्टरची पारदर्शक) शीट कापून आतून लावली, दिसायला कितीतरी खरी. बंपर, जाळी आणि हेडलाइटच्या कड्यांना चकचकीत काळ्यावर लिक्विड क्रोम मार्कर. तो बरेच दिवस हाताळायचा नाही आणि त्यावर क्लिअर मारायचा नाही, नाहीतर आरसा जाऊन नुसती चंदेरी राहते. टॅक्सीच्या पाट्या पिवळ्या आणि अक्षरं काळी, त्यामुळे पाटी रंगवून अक्षरं पारदर्शक डेकल कागदावर लेझर प्रिंटरने काढली.

आणि मीटर. डाव्या बाजूला बाहेर बसवलेला तो जुना, हाताने पाडायचा मीटर इथे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा आहे. त्याचा झेंडाही प्रिंटमध्ये आला आहे, पण इतका नाजूक की धुतानाच तुटेल असं वाटलं. तो कापून पितळी पत्र्याचा केला. मुंबईत वाढलेल्या कोणालाही गाडी दाखवा, नजर आधी तिथेच जाते.

आता महिन्यांनंतरचं, कारण खरी परीक्षा तीच. तीन गोष्टी समोर आल्या. मागची सीट आतून पोकळ होती आणि तिला निचऱ्याचं भोकच नव्हतं. आत अडकलेलं कच्चं रेझिन काही आठवड्यांनी कडेतून झिरपलं आणि रंगाला फोड आला. सीट काढून खालून दोन भोकं पाडली, आतून अल्कोहोलने धुतली, यूव्ही टॉर्च आत दाखवली आणि पुन्हा रंगवली. विक्रेत्याला कळवलं तर नवी सीट पाठवायला तयार झाला, पण फाइलमध्ये बदल करतो असं काही म्हणाला नाही. त्याने तो करायला हवा, कारण हा दोष प्रत्येक प्रतीत असणार. तुम्ही घेतलंत तर सीट रंगवण्याआधीच भोकं पाडा.

दुसरं, मे महिन्यात चासी मधोमध बसली आणि एक चाक जमिनीपासून उचललं गेलं. पट्टी जेमतेम दीड मिमीची आहे आणि उन्हाळ्यातल्या बंद कपाटात ती स्वतःच्या वजनाने वाकते. खालून दोन पितळी नळ्या लांबीच्या दिशेने इपॉक्सीने बसवल्या, तेव्हापासून चारही चाकं टेकलेली आहेत. तिसरं, खिडकीजवळ ठेवू नका. ऊन लागत राहिलं की हे रेझिन आणखी कडक आणि ठिसूळ होत जातं. बाजूचा आरसा नुसत्या फडक्याने मोडला. त्या जागी आता पितळी तारेचा आहे.

पृष्ठभागाबद्दल मात्र तक्रार नाही. पिवळा उडालेला नाही, क्लिअरला तडा नाही, फटींचा वॉश जागच्या जागी आहे.

किट मला साडेतीन हजारांच्या आसपास पडलं. प्रायमर, रंग, पेपर, मार्कर धरून जवळजवळ तेवढेच आणखी गेले. एअरब्रश आधीपासून होता. कधीच किट बनवलं नसेल तर आधी एखादं साधं प्लास्टिक किट करा, रंगाचा हात बसू द्या. प्लास्टिकवर हात बसलेला असेल तर खुशाल घ्या, मात्र ऑर्डर देताना दोन गोष्टी आग्रहाने मागा: बॉडी ०.०३ मिमीच्या थरात आणि चासी अडीच मिमी जाडीची. थोडे पैसे वाढतील, पण टपावरचं निम्मं घासकाम वाचेल. मी याच विक्रेत्याकडे खासगी वापरातली पद्मिनी मागवली आहे, फिकट निळ्या रंगात करायचा विचार आहे, आणि या वेळी दोन्ही मागण्या त्याने मान्य केल्या आहेत.