पुण्यातले छोटे स्पेशालिटी कॉफीवाले: मागच्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

आधीच सांगते, कॅफेंची नावं देणार नाहीये. लपवायचं काही नाही, पण नाव देऊन फारसा उपयोग नाही, का ते पुढे कळेलच. मोठे साखळीवाले ब्रँड यात धरलेले नाहीत. ज्यांची एक किंवा फार तर दोन दुकानं आहेत, बीन्स स्वतः भाजतात नाहीतर एखाद्या छोट्या रोस्टरकडून, म्हणजे बीन्स भाजून विकणाऱ्याकडून, आणतात आणि मेनूवर इस्टेटचं, म्हणजे कॉफीच्या मळ्याचं, नाव लिहितात, असे कॅफे. मी कोथरूडला राहते, काम घरूनच असतं, त्यामुळे मागच्या पावसाळ्यापासून प्रभात रोड, भांडारकर रोड, औंध, बाणेर, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर असं बरंच हिंडून झालंय, काही ठिकाणी एकदाच गेले आणि दोन-तीन ठिकाणी इतक्यांदा की आता ऑर्डर सांगावी लागत नाही.

तर मुख्य मुद्दा. एकाच कॅफेत मंगळवारी सकाळी मिळणारी कॉफी आणि शनिवारी संध्याकाळी मिळणारी कॉफी या दोन वेगळ्या कॉफ्या असतात. मशीन तेच, बीन्स त्याच, दूध तेच, पैसेही तेच. फरक असतो तो मशीनमागच्या माणसाचा. एस्प्रेसोचं, म्हणजे मशीनने दाबाखाली काढलेल्या छोट्या कडक कॉफीचं (एका वेळी निघते तो एक शॉट), गणित तसं सोपंय, १८ ग्रॅम पूड, त्यातून साधारण ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत, हे आता सगळ्यांनाच पाठ असतं. पण ते जमायला पूड किती बारीक दळायची हे रोज सकाळी बघावं लागतं, दोन-चार शॉट चाखून बेसिनमध्ये ओतून द्यावे लागतात, आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये तर हे सकाळी एकदा करून भागत नाही, कारण सकाळी ऊन, दुपारी धो धो, हवेतला दमटपणा बदलला की शॉटचा वेगही बदलतो. त्यातून आपल्याकडचे निम्मे कॅफे जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यात, म्हणजे बाहेरची हवा थेट ग्राइंडरवर. फोटोला फार सुंदर दिसतं ते. मी पावसाळाभर बघत होते, पाऊस सुरू झाल्यावर कोण ग्राइंडरला हात लावतं आणि कोण सकाळच्याच सेटिंगवर रात्रीपर्यंत रेटतं. हात लावणारे थोडे होते, आणि त्यांचीच कॉफी परत परत प्यावीशी वाटली.

माझ्या सगळ्यात आवडत्या ठिकाणी एक मुलगी होती, शांतपणे काम करायची, शॉट बिघडला तर गिऱ्हाइकाला न सांगता टाकून दुसरा काढायची. दिवाळीनंतर ती दुसरीकडे गेली, पगार बरा मिळाला म्हणे, चांगलंच झालं तिचं. पण त्या कॅफेची कॉफी त्या दिवसापासून पातळ आणि आंबट यायला लागली. मी मालकांना सांगितलं तर म्हणाले, मॅडम नवीन लॉट फ्रूटी आहे. हे फ्रूटी प्रकरण हल्ली फार ऐकायला मिळतं आणि मला त्याचा खरंच राग येतो. चांगल्या कॉफीत आंबटपणा असतोच, पण तो पाडाच्या आंब्याचा असतो, मागून गोडी येते. नीट न उतरलेल्या कॉफीचा आंबटपणा कच्च्या कैरीसारखा जिभेच्या कडा धरतो आणि मागे काहीच ठेवत नाही. हा फरक एकदा कळला की कुणी फ्रूटी म्हणून गळ्यात मारू शकत नाही. सरळ दुसरा कप मागा, जिथे कॉफीची कदर आहे तिथे न कुरकुरता देतात, माझा तरी असाच अनुभव आहे, आणि जिथे नाही देत तिथे पुन्हा जायचं कारण नाही.

म्हणून नावं देत नाहीये. आज मी एखादं नाव लिहीन, तुम्ही वाचून दोन महिन्यांनी जाल, तोवर तिथला माणूस बदललेला असेल.

बीन्सबद्दल. स्पेशालिटी म्हणजे चाखणाऱ्यांनी १०० पैकी ८० किंवा जास्त गुण दिलेली कॉफी, एवढाच त्याचा अर्थ, भिंतीला विटा उघड्या ठेवल्या म्हणून कुणी स्पेशालिटी होत नाही. आपल्याकडच्या मेनूवर बहुतेक माल चिकमंगळूर, कुर्ग, नाहीतर आंध्रातल्या आराकूचा असतो. सिलेक्शन ९, सिलेक्शन ७९५, चंद्रगिरी ही झाडांची वाणं, आणि वॉश्ड, नॅचरल, हनी म्हणजे फळ तोडल्यावर बी कशी वाळवली त्याचे प्रकार. वॉश्डमध्ये गर धुऊन काढतात त्यामुळे चव स्वच्छ, नॅचरलमध्ये अख्खं फळ तसंच वाळवतात, ती थोडी आंबूस-गोड, कधीकधी दारूसारखी पण लागते, आणि हनी या दोन्हींच्या मधली. सुरुवात करणाऱ्यांनी वॉश्ड सिलेक्शन ७९५ पोअर ओव्हरमध्ये, म्हणजे गाळणीतल्या पुडीवर हळूहळू गरम पाणी ओतून केलेली, घ्यावी असं माझं मत. आणि हो, मेनूवर रत्नागिरी इस्टेट दिसलं तर ते आपल्या कोकणातलं नाही, बाबाबुदनगिरीच्या डोंगरात आहे, कर्नाटकात. मी शेजारच्या टेबलावर एका काकांना हापूसबद्दल विचारताना ऐकलंय. आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते बरं का, पण मी गेलेल्या एकाही ठिकाणी ती मेनूवर दिसली नाही, कुणीतरी आणा रे.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. अरेबिकाची, म्हणजे स्पेशालिटीवाले बहुतेक वापरतात त्या कॉफीच्या जातीची, तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते, मग वाळवणं, साफ करणं, मुरवणं, त्यामुळे नवीन पीक कॅफेत पोचेपर्यंत उन्हाळा उजाडतो. म्हणजे पावसाळा ते दिवाळी हा खरा सीझन. जानेवारी-फेब्रुवारीत तीच इस्टेट, तीच वाणं, तरी चव जरा लाकडासारखी, मऊ पडल्यासारखी लागू शकते, त्यात दरवेळी बरिस्ताची, म्हणजे कॉफी करून देणाऱ्याची, चूक नसते.

पाण्याचं मला या सगळ्यात पडल्यावर कळलं. एका कॅफेत आवडलेल्या बीन्स घरी आणल्या, तसंच माप, तसंच पाणी ९३-९४ डिग्रीचं, आणि कप मिळमिळीत. कारण घरचं आरओ. आरओ पाण्यातले क्षार जवळजवळ काढूनच टाकतं आणि कॉफीतली चव ओढून बाहेर आणायला थोडे क्षार लागतात, कॉफीवाले साधारण १५० टीडीएसच्या (लिटरमागे १५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार) आसपास धरतात. उलट बोअरवेल आणि टँकरवर चालणाऱ्या भागात पाणी इतकं जड असतं की कॉफी खडूसारखी लागते आणि मशीनमध्ये क्षार चढतो तो वेगळाच. मी आता आरओत थोडं खडकवासल्याचं नळाचं पाणी उकळून मिसळते आणि कप एकदम जागा होतो. कॅफेत गेल्यावर पाणी कुठलं, फिल्टर कुठला, हे विचारून बघा. ज्याने विचार केलाय तो दहा मिनिटं सांगत बसतो, आणि ज्याने केला नाही तो पाण्याची बाटली आणून देतो. हे खरंच झालंय.

सासऱ्यांना एकदा घेऊन गेले. आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध आटवून, साखर आणि जायफळ घालून, ती पण पाहुणे आले की. त्यांनी मेनू वाचला, किमती वाचल्या, मला म्हणाले, "अगं, यात जायफळ कुठंय?" मी पोअर ओव्हर मागवली, कोरी. पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, मग थोडी गार झाल्यावर गप्पा मारत मारत कप संपवला आणि म्हणाले, "याला साखर नको हां." गार होत जाताना चव उघडते हे बरिस्ता सांगत असतात, ते मला सासऱ्यांकडे बघून पटलं. दुधाच्या कॉफीचं मात्र आपल्या लोकांचं आणि कॅफेवाल्यांचं कायमचं भांडण, आपल्याला वाफाळती पाहिजे आणि ते ६०-६५ डिग्रीच्या वर दूध नेत नाहीत. त्यांचं बरोबर आहे, दूध त्याच्या फार वर नेलं की त्याची नैसर्गिक गोडी जाते आणि मग साखर लागते. पण कुणी एक्स्ट्रा हॉट मागितली तर भुवया उंचावायची काय गरज आहे? पैसे त्याचेच आहेत. उडुप्याकडची वाफाळती फिल्टर कॉफी मीपण अजून पिते, चिकोरीसकट, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आता पैसे. कॅपुचिनो २०० ते २५०, पोअर ओव्हर २५० ते ३५०, ओट मिल्क घेतलं की वर ६०-८०, शिवाय ५ टक्के जीएसटी. महाग आहेच, नाही कसं म्हणू. पण बीन्सचा भाव खरंच चढलाय, फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती, ब्राझीलमधल्या दुष्काळामुळे, आणि आपली बहुतेक कॉफी निर्यातच होत असल्यामुळे तो भाव इथेही येतो. बाकी भाडं. कोरेगाव पार्कमध्ये तुम्ही कॉफी कमी आणि खुर्ची जास्त विकत घेता. एका ठिकाणी बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला होता, मी काढायला सांगितला, त्यांनी काढला पण चेहरा पाडून. तो ऐच्छिक आहे, २०२२ पासून तशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ती योग्य ठरवली, तेव्हा लाजू नका.

लॅपटॉपवाल्यांसाठी: आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराच्या आत जा, जागा, प्लग आणि नेट तिन्ही मिळतं. शनिवार-रविवारी बऱ्याच ठिकाणी लॅपटॉप बंदच असतो आणि ते योग्यच आहे असं मी लॅपटॉपवाली असून म्हणते, एका कॅपुचिनोवर पाच तास बसणाऱ्यांनी छोटा कॅफे कसा चालायचा? म्युझिक मात्र सगळीकडे मोठं. गाडी लावताना पी-१ पी-२ ची (सम-विषम तारखेच्या पार्किंगची) पाटी आणि तारीख दोन्ही बघा, तुम्ही आत सुगंध घेत असताना बाहेर टोइंगवाले त्यांचं काम करत असतात.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. क्रोसाँ बहुतेक ठिकाणी बाहेरून येतो, दुपारनंतर घेऊ नका.

कपापेक्षा मला आता या कॅफेंमधून बीन्सची पिशवी आणणं जास्त परवडतं. २५० ग्रॅमला ४५० ते ७०० पडतात, त्यात पंधरा-सोळा कप होतात, हिशोब तुम्हीच करा. फक्त पिशवीवर भाजल्याची तारीख बघा, पॅकिंगची नाही, भाजल्याची. भाजून एखादा आठवडा झालेली घ्या आणि महिना-दीड महिन्यात संपवा. दळून देऊ का विचारतात, नको म्हणा, पुडीचा सुगंध दोन-तीन दिवसांतच उडून जातो, त्यापेक्षा हाताने फिरवायचा साधा ग्राइंडर घ्या, दोन-तीन हजारांत बरा मिळतो. आणि पिशवी घेताना बरिस्ताला विचारा की तुम्ही आज याचं काय माप ठेवलंय, म्हणजे किती ग्रॅमला किती पाणी. बहुतेक जण ग्रॅमला १५ किंवा १६ ग्रॅम पाणी सांगतील, पण एखादा त्याच्या वहीत बघून सांगतो, तापमान आणि वेळेसकट. तशी वही असणारं दुकान सापडलं तर पत्ता खाली टाका, मी येते.