न विचारता पोर्ट झालेला नंबर: १९०० पासून ग्राहक आयोगापर्यंत कोणती सेवा किती कामाची

सकाळी फोन हातात घ्यावा तर रेंज नाही. सिम काढून पुन्हा घातलं, फोन बंद करून चालू केला, तरी नाही. मग सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात गेल्यावर कळतं की नंबर रात्रीच दुसऱ्या कंपनीत गेलाय. नंबर पोर्ट करायची, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे आणि ३ जुलै २०१५ पासून सर्कल, म्हणजे मोबाईल सेवेचा साधारण राज्याएवढा विभाग, ओलांडूनही नंबर नेता येतो. एरवी ही सेवा चांगली चालते. इथं तपासायचं आहे ते एवढंच: ग्राहकानं मागितलेलं नसताना कुणी ती वापरली, तर या यंत्रणेचा कोणता भाग खरंच हाताला लागतो आणि कोणता नुसता फिरवत ठेवतो.

सगळ्या व्यवस्थेची किल्ली म्हणजे यूपीसी, आठ अक्षर-अंकांचा पोर्टिंग कोड. ज्या नंबराला पोर्ट करायचं त्याच नंबरावरून १९०० ला मेसेज जातो: इंग्रजीत 'पोर्ट', एक जागा सोडून दहा अंकी नंबर. उलट मेसेजात कोड येतो. त्याची पहिली दोन अक्षरं सध्याची कंपनी आणि सर्कल सांगतात. १६ डिसेंबर २०१९ पासून कोड देण्याआधीच तपासणी होते: नंबर सध्याच्या कंपनीत ९० दिवस झाला का, पोस्टपेडचं बिल थकलंय का, नाव बदलायची प्रक्रिया चालू आहे का. म्हणजे कोड आला की नंबर जायला मोकळा आहे असं समजायचं. आपल्या महाराष्ट्र सर्कलमध्ये तो ४ दिवस चालतो. सर्कलच्या आत नंबर जायला ३ कामकाजाचे दिवस लागतात, सर्कल बदलून ५. विजयपूर-इंडीकडचं कर्नाटकचं सिम घेऊन सोलापुरात राहणारी घरं कमी नाहीत, त्यांना ५ दिवसांचा नियम लागतो.

कोड मालकाच्याच फोनवर येतो, मग चोरी होते कशी? फोन मालक स्वतःच हातात देतो म्हणून. रस्त्याकडेला छत्री टाकून बसलेला पोरगा म्हणतो, "मालक, सिम फाईव्हजी करून देतो की, फुकटात." (फाईव्हजी फोन असेल तर बहुतेक फोरजी सिमवर फाईव्हजी तसंच चालतं, सिम बदलायची गरज पडत नाही.) रिचार्ज मारायला फोन घेतला, १९०० ला मेसेज टाकला, आलेला कोड टिपला, दोन्ही मेसेज पुसले. अर्ध्या मिनिटाचं काम. पुढची पायरी केवायसीची: आधार, अंगठा, समोर बसवून काढलेला फोटो. "अक्का, सर्व्हर गेलाय, परत एकदा अंगठा लावा" हे वाक्य कानावर आलं की तिथंच उठावं. दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिमही निघू शकतं. कारण साधं आहे, एजंटला नवीन जोडणीवर आणि पोर्ट करून आणलेल्या नंबरावर कमिशन असतं, जुन्याच सिमवर नुसता रिचार्ज मारला तर हाताला फारसं काही लागत नाही. यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या गर्दीत फोन असा परक्याच्या हातात देणं म्हणजे पाकीट देण्यासारखंच.

१ जुलै २०२४ पासून आणखी एक कुलूप आलं. सिम बदललं असेल, म्हणजे हरवलं किंवा खराब झालं म्हणून नवं घेतलं असेल, तर पुढचे ७ दिवस कोडच मिळत नाही. नकली कागदांवर डुप्लिकेट सिम काढून लगेच नंबर पळवणाऱ्यांना हे चांगलं अडवतं. छत्रीवाल्याला मात्र अडवत नाही, कारण तिथं सिम मूळचंच असतं आणि फोन उघडून दिलेला असतो. नियम उत्तम, पण आपल्याकडच्या दुखण्यावरचा नव्हे.

आता १९०० या सेवेचा सगळ्यात कमी माहीत असलेला आणि सगळ्यात कामाचा भाग. पोर्टची विनंती दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत त्याच नंबरावरून १९०० ला इंग्रजीत 'कॅन्सल', एक जागा, दहा अंकी नंबर असा मेसेज टाकला की विनंती रद्द होते. ना दुकान, ना कागद. पॅकमध्ये एसएमएस नाहीत म्हणून १९०० ला मेसेज जात नाही ही जुनी तक्रार होती. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, सगळ्या प्रीपेड ग्राहकांना, पॅक कितीचाही असो, हा मेसेज टाकता आला पाहिजे असा आदेश दिला. गोची २४ तासांत आहे. मेसेज पुसलेले असले तर पोर्ट लागलाय हे कळायलाच दोन दिवस जातात. म्हणून फोन कुणाच्या हातात गेला असेल तर परत घेतल्या घेतल्या पाठवलेल्या आणि पुसलेल्या मेसेजांत १९०० शोधायचं. नुसता कोड आलाय, विनंती दाखल झालेली नाही, अशा वेळी काही करायचं नसतं. कोड कुणाला सांगायचा नाही, चौथ्या दिवसानंतर तो आपोआप मरतो.

प्रत्यक्ष बदल होताना सेवा बंद राहण्याचा काळ ४ तासांपेक्षा जास्त नसावा असा नियम आहे आणि हे काम सहसा रात्री उरकतात. जुनं सिम मेलं आणि नवं सिम आपल्याच खिशात असेल तर धोका मर्यादित, त्रास जास्त. नवं सिम दुसऱ्याकडे असेल तर मात्र बँकेचा ओटीपी त्याच्या हातात जातो. अशा वेळी कंपनीला फोन करत बसू नये. आधी बँकेच्या हेल्पलाइनवर सांगून खातं आणि यूपीआय रोखायचं, पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याची असेल आणि ग्राहकानं ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा ग्राहकावर येत नाही. तीन दिवस झपाट्यानं जातात, शनिवार-रविवार मध्ये असला तरी वाट बघू नये. आधार केंद्रात रांग लावायची मात्र गरज नाही. नंबर बदललेला नाही, त्यामुळं आधार, पीएफ, गॅसचं बुकिंग यांची जोडणी तशीच राहते. विडी कामगार आणि यंत्रमागावरची माणसं या भीतीनं उगाच रोज बुडवतात.

तक्रारीत पहिली चूक इथंच होते की लोक जुन्या कंपनीकडं जातात. तिथं उत्तर ठरलेलं: नंबर आता आमच्याकडं नाही. आणि ते खरंही असतं. केवायसी नव्या कंपनीनं केली, अर्ज तिच्याकडं आहे, कोणत्या विक्रेत्याच्या कोडवरून तो आला हेही तिलाच माहीत. म्हणून तक्रार नव्या कंपनीच्या १९८ वर करायची आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. १९८ ची सेवा बरी म्हणता येईल, पण समोरचा माणूस 'नेटवर्कची अडचण' असा प्रकार टाकून तक्रार बंद करतो तेव्हा सगळं पाण्यात. तोंडानं स्पष्ट सांगायचं: संमतीशिवाय पोर्ट, अर्जाची प्रत हवी, फोटो आणि विक्रेत्याचा कोड हवा. तेच ईमेलनंही पाठवायचं. २०२३ मध्ये सिम विकणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी बंधनकारक झाली आणि गैरप्रकार करणाऱ्याला ३ वर्षं काळ्या यादीत टाकायची तरतूद आली. त्यामुळं विक्रेत्याचा कोड मागितला की कंपनीचा सूर बदलतो.

जुन्या कंपनीकडून एकच गोष्ट घ्यायची, तपशीलवार वापराचा हिशेब. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या ६ महिन्यांतला तो मागता येतो, शुल्क ५० रुपयांपेक्षा जास्त नाही आणि मिळायला ३० दिवस. त्यात १९०० ला मेसेज कधी गेला ती तारीख-वेळ मिळते, आणि ती वेळ छत्रीजवळ उभं असण्याच्या वेळेशी जुळली की पुरावा झाला. पोस्टपेड असेल तर शेवटचं बिल भांडण बाजूला ठेवून भरून टाकायचं. थकबाकीवरून जुनी कंपनी नव्या कंपनीला नंबर बंद करायला लावू शकते.

परत पोर्ट करून जुन्या कंपनीत जायचं म्हटलं तर ९० दिवस थांबावं लागतं. चुकीनं गेलाय, फसवून गेलाय, याला या घड्याळात जागा नाही. हा या सेवेतला सगळ्यात मोठा खड्डा. लेखी तक्रारीत पोर्ट उलटवायची मागणी करावी, पण त्यावर विसंबू नये. पोर्ट झाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ९१ व्या दिवशी कोड मागवायचा. तोवर नंबर जिवंत ठेवायला सगळ्यात लहान रिचार्ज मारायचा आणि हे फक्त नंबर वाचवायला करतोय असं ईमेलमध्ये नमूद करायचं. रागानं सिम ड्रॉवरमध्ये फेकून दिलं आणि ९० दिवस काहीच वापर नाही, तर नंबर कायमचा जाऊ शकतो. जुन्या सिममधला प्रीपेड बॅलन्स परत येत नाही.

संचारसाथी ही सरकारी सेवा १६ मे २०२३ पासून चालू आहे आणि तिला बिनधास्त चांगले गुण द्यावेत. आपल्या नावावर किती नंबर आहेत त्याची यादी ओटीपी टाकून दिसते. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नंबर नाही' असं तिथंच कळवता येतं. पोर्ट झालेला आपला नंबर त्या यादीतून गायब असेल तर नव्या कंपनीची केवायसी भलत्याच माणसाच्या नावावर झालीय का हे आधी विचारायचं. असं असेल तर पोलीस तक्रार करावीच: शहरात पोलीस आयुक्तालयाकडं, अक्कलकोट-बार्शी-पंढरपूरकडच्यांनी ग्रामीण पोलिसांकडं. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ मध्ये फसवणुकीनं किंवा तोतयेगिरीनं सिम मिळवण्याला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

डॉकेटवर समाधान नाही झालं तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जायचं. तक्रार सोडवायची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील, निकाल ३९ दिवसांत, शुल्क नाही. अधिकारी कंपनीचाच, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको, पण ही पायरी गाळली तर पुढं दूरसंचार विभागाच्या तक्रार निवारणाच्या पीजी पोर्टलवर तक्रार मागं येते. ट्रायकडं वैयक्तिक तक्रार करून उपयोग नाही, ट्राय ती कंपनीकडं पाठवून मोकळी होते.

दात असलेली जागा एकच, जिल्हा ग्राहक आयोग. मोबाईल कंपन्या बरीच वर्षं म्हणत राहिल्या की टेलिग्राफ कायद्यामुळं आमच्याविरुद्ध इथं येता येत नाही. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो मुद्दा फेटाळला. कंपनीचं मुख्यालय कुठंही असो, तक्रारदार राहतो तिथं, म्हणजे सोलापूरच्या आयोगात, तक्रार चालते. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, मुदत २ वर्षं, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते. वेळ मात्र लागतो, महिन्यांच्या हिशेबात. सोबत डॉकेट नंबर, ईमेल, अपिलाचं उत्तर, १९०० च्या नोंदीचा हिशेब आणि मेसेजांचे स्क्रीनशॉट जोडायचे. स्क्रीनशॉटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लावायचं. ते नसेल तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवतो.