लेकीच्या डोक्यावर चाई पडली आणि आम्ही 36 हजारांना फसलो

डिसेंबर 2024 मधला रविवार होता. न्हाऊ घालायच्या आधी लेकीच्या डोक्याला तेल लावत होते. डाव्या कानामागे बोट एकदम घसरलं. केस बाजूला करून पाहिलं तर दहाच्या नाण्याएवढी जागा पार मोकळी. खपली नाही, लाली नाही, पुरळ नाही. तिला विचारलं, खाजतं का गं? म्हणाली, नाही. आठ वर्षांची पोर, तिसरीत आहे.

सासूबाईंनी पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, "अवं, पोरीले चाई पडली. रातच्याले किडा फिरला असन." मग कांद्याचा रस झाला, लसूण झाला. शेजारच्या काकूंनी गुंज उगाळून लावायला सांगितलं, पण गुंजेच्या बिया विषारी असतात हे मला माहीत होतं, म्हणून तेवढं टाळलं. दहा-बारा दिवसांत टाळूवर दुसरा चट्टा दिसला. रोज सकाळी मी तिची उशी तपासायला लागले, तिच्या नकळत.

त्याच सुमारास, जानेवारी 2025 मध्ये, शेगाव तालुक्यातल्या गावांच्या बातम्या यायला लागल्या. बोंडगाव, कालवड, हिंगणा. तीन-चार दिवसांत माणसांचे केस मुठीने हातात येतात, अख्खं डोकं मोकळं होतं. आम्ही अकोल्याचे, शेगाव आम्हाला काही लांब नाही. दर महिन्याला दर्शनाला जाणारी माणसं आम्ही. माझ्या जिवाचं काय झालं असेल, हे आईबापांना सांगायला नको.

रात्री मोबाइलवर शोधत बसायचे. दोन दिवसांत एका हेअर क्लिनिकच्या जाहिराती समोर यायला लागल्या. लहान मुलांचे आधीचे-नंतरचे फोटो, खाली 'मुळापासून इलाज, शंभर टक्के गॅरंटी'. नंबर टाकला आणि पाच मिनिटांत फोन आला. बोलणारी मुलगी इतकी गोड बोलायची की मी फोनवरच रडले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "ताई, तुम्ही पाणी कुठलं पिता? शेगावचं ऐकलंत ना?" तेव्हा सगळ्यांचाच संशय पाण्यावर होता. माझी भीती तिने माझ्याच तोंडून काढून घेतली आणि मलाच परत विकली, हे मला फार उशिरा कळलं.

क्लिनिक चकाचक. पांढरा कोट घातलेल्या माणसाला सगळे 'सर' म्हणत होते. त्याने पेनासारखा कॅमेरा लेकीच्या चट्ट्यावर धरला. समोरच्या टीव्हीवर तिच्या डोक्याची कातडी ताटाएवढी दिसायला लागली, मध्ये काळे ठिपके, तुटके केस. त्या ठिपक्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "ही मुळं मेलेली आहेत. ही मरायच्या वाटेवर आहेत. तुम्ही महिनाभर कांदा लावत बसलात. आता पंधरा दिवसांत सुरू केलं नाही तर कायमचं टक्कल." लेक शेजारीच खुर्चीत बसली होती. तिने सगळं ऐकलं. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

सहा महिन्यांचं पॅकेज 42 हजारांचं, 'मुलीकडे पाहून' 36 हजारांत. एवढे पैसे नाहीत म्हटलं तर म्हणाले, "एकदम द्यायचे नाहीत, महिन्याला सहाच हजार. मोबाइलवर ओटीपी येईल तेवढा सांगा, नुसतं व्हेरिफिकेशन आहे." तो ओटीपी कर्जाचा होता. ते क्लिनिकला हप्ते देणं नव्हतंच. एका ॲपवरून माझ्या नावावर कर्ज उचललं गेलं आणि सगळी रक्कम त्याच दिवशी क्लिनिकच्या खात्यात गेली. म्हणजे उपचार बंद केले तरी हप्ता चालूच. अशा डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सुरुवातीला थोडी मुदत असते, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मला ते कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. तुम्ही ओटीपी सांगण्याआधी तो मेसेज पूर्ण वाचा. माझ्या मेसेजमध्ये 'लोन' हा शब्द होता. मी फक्त आकडे वाचले.

औषध काय मिळालं? पांढऱ्या झाकणाच्या दोन डब्या. झाकणावर स्केचपेनने 'नं. 1' आणि 'नं. 2'. वर हिरव्या पानाचं स्टिकर, 'शुद्ध हर्बल'. बॅच नंबर नाही, बनवल्याची तारीख नाही, परवाना क्रमांक नाही, आत काय आहे ते नाही. नं. 2 च्या मलमाला कापराचा वास. दिवसातून दोनदा चोळून लावायचं, रात्री वर प्लास्टिकची टोपी.

पाचव्या आठवड्यात कानामागच्या चट्ट्यावर लव आली. पांढरी, पिसासारखी. आम्ही सगळे रडलो. मी लगेच फोटो पाठवला, क्लिनिकचे आभार मानले, आणखी दोन आयांना तोच नंबर दिला. या गोष्टीचं मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मग मार्चमध्ये मलम लावायच्या जागची कातडी लाल आणि पातळ दिसायला लागली. उजेडात आतल्या बारीक शिरा दिसायच्या. कपाळावर पुटकुळ्या, गालावर लव. आणि मागच्या बाजूला तिसरा चट्टा. फोन केला तर उत्तर आलं, "विष बाहेर पडतंय ताई, चांगली खूण आहे." आणि लगेच पुढचं, ॲडव्हान्स किट, 22 हजार. त्याच आठवड्यात नणंदेने एक जाहिरात पाठवली. त्यात माझ्या लेकीचं डोकं होतं, अर्धा चेहरा दिसत होता. मी विश्वासाने पाठवलेला फोटो.

दुसऱ्या दिवशी लेकीला आणि त्या दोन्ही डब्यांना घेऊन सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत गेले. रांग मोठी होती. आत डॉक्टर मॅडमनी आधी लेकीचं नाव विचारलं, मग तिचे हात हातात घेतले. केसांसाठी आलो आणि ह्या नखं काय बघतात, असं मला वाटलं. दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, माझ्या कधी लक्षातही आले नव्हते. मग भिंगाने चट्ट्याच्या कडेचे केस दाखवले. टोकाला जाड, मुळाशी बारीक, उद्गारचिन्हासारखे. बुरशी नाही ना, म्हणून खरवडून नमुनाही पाहिला, कारण डोक्यातला नायटा असला तर त्याला पोटातून वेगळं औषध लागतं.

मॅडम म्हणाल्या, ही चाईच आहे, ॲलोपेशिया एरियाटा. किडा नाही, पाणी नाही, तेल नाही, आईची चूक नाही. शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच केसांच्या मुळांवर चालून जाते. पण मुळं मरत नाहीत, ती झोपतात. तो पेनवाला माणूस जे मेलेलं म्हणाला होता, ते मेलेलं नव्हतंच. थोडेच चट्टे असलेल्या बऱ्याच मुलांचे केस वर्षभरात आपोआपसुद्धा येतात, सुरुवातीला पांढरे येतात, मग काळे होतात. पुन्हा चट्टा पडूही शकतो, आणि पुढे काय होईल याची गॅरंटी कुठलाच प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. हे मी त्या रांगेतल्या बाकावर बसून तीन वेळा मनात म्हटलं. म्हणजे ज्या लवेसाठी मी क्लिनिकचे आभार मानले, ती कदाचित त्यांच्याशिवायही आली असती. हे लोक आपल्याला ती वाट पाहणंच विकतात.

डब्या पाहून मॅडमचा आवाज बदलला. कातडी अशी पातळ होणं, पुटकुळ्या, लव, हे तीव्र स्टिरॉइड बरेच दिवस लावल्यासारखं दिसतं, असं त्या म्हणाल्या. स्टिरॉइड चाईवर वापरतात, त्यांनीही नंतर दिलं, पण किती तीव्र, किती दिवस, मध्ये किती खंड हे मोजून लिहून दिलं, आणि दर महिन्याला बोलावलं. नाव नसलेल्या डबीतलं काहीही एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवा, हेही सांगितलं. थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती ठीक आली. शेगावचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, तिथे एकाच वेळी गावंच्या गावं, लहानथोर, पूर्ण डोकं. हे गोल चट्टे वेगळे. शेगावच्या बाबतीत संशोधन करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी पुढे रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं, पाण्याकडे नाही.

घरी येऊन मग मी शोधलं. औषध नियम, 1945 मध्ये 'शेड्यूल जे' नावाची यादी आहे. त्यात टक्कल आहे आणि नवे केस उगवणंही आहे. कुठल्याच औषधाला ते बरं करण्याचा दावा करता येत नाही. क्लिनिकच्या भिंतीवर तो दावा दोन फुटी अक्षरांत होता. डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा असतो. तिथे तो कुठेच नव्हता, आणि मला कधी चिठ्ठी मिळालीच नाही, सगळं व्हॉट्सॲपवर. मी विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली, दोन्ही डब्या जोडून. डबी रिकामी झाली तरी फेकू नका, तळाशी उरलेलंही उपयोगी पडतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जाहिरातीतला फोटो आमच्या तक्रारीनंतर निघाला, पैसे अजून परत आलेले नाहीत. मी नंबर दिलेल्या दोघींच्या घरी स्वतः गेले. एकीने पैसे भरले नव्हते. दुसरीने भरले होते, तिने तक्रारीवर माझ्या खाली सही केली.

लेकीच्या वर्गशिक्षिकेला चिठ्ठी नेऊन दिली की हे संसर्गजन्य नाही. त्यांनी तिला पहिल्या बाकावरून मधल्या बाकावर बसवलं, मागून कोणी बघू नये म्हणून नव्हे, तर तिची मैत्रीण तिथे बसते म्हणून. कानामागचे केस आता काळे झालेत, मागचा चट्टा अजून आहे. क्लिनिकमधल्या त्या दिवसापासून ती एकच प्रश्न विचारायची, "आई, माझी मुळं मेली का?" मॅडमनी तिला भिंगातून स्वतःची लव दाखवली. त्यानंतर तिने तो विचारला नाही.